तुरटीतली चष्मेवाली

पुणे,
५ जानेवारी १९९९

तीर्थरूप ठकूआत्या,
शि. सा. नमस्कार.

भाऊबीजेला शिनोलीहून निघाले, त्यानंतर तुला एक ओळ लिहिली नाही. माफ कर. अडीच महिने होत आले. कॉलेजच्या परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, ही कारणं खरी आहेत; पण पेपर तपासतानाही माणूस एखादं पोस्टकार्ड लिहू शकतो हे मला कळतं, म्हणून ती पुढे करत नाही. का लिहिलं नाही ते माझं मलाच नीट सांगता येत नाही.

परवा आरतीचं पत्र आलं, नवऱ्याच्या काळजीचं, आणि मी हबकले. गोरखची जीप नोव्हेंबरात घोडेगावच्या रस्त्याला वळणावरून खाली उतरली, शेताच्या बांधाला टेकली, एका कोंबडीखेरीज कुणाला काही झालं नाही, आणि हे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं वर्तमान मला जानेवारीत कळावं? जीप दुरुस्त होऊन दारात उभी आहे, पण तो चालवत नाही म्हणे. स्टिअरिंगला हात लावला की हात थरथरतात, घाम फुटतो, खाली उतरतो. आता ती आळेफाट्याच्या कुणा गिऱ्हाइकाला विकायची म्हणतो. बारा वर्षं त्याने शिनोली ते घोडेगाव माणसं भरून वडाप केलं. त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही. जीप गेली तर तो उद्या कुणाच्या तरी ट्रकवर क्लीनर म्हणून बसेल, आणि आरतीशी बोलतो तेवढंही बोलणार नाही. चौदा फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. भीमाशंकरच्या गर्दीत त्याची जीप नाही, असं एकही वर्ष गेलेलं नाही.

आत्या, हे मनाचं दुखणं आहे आणि ते बरं होतं. माझ्या ओळखीचे चांगले डॉक्टर इथे आहेत. त्याला माझ्याकडे पाठव. 'मी काय येडा हाय का' म्हणेल; तू सांगितलंस तर ऐकेल.

आता दुसरं, जरा स्वार्थाचं. माझा प्रबंध चालला आहे हे तुला माहीत आहे. आज मनावर जे उपचार होतात त्यांची जुनी मुळं कुठे सापडतात, असा विषय आहे. ग्रीस देशात पूर्वी आजाऱ्याला देवळात झोपवायचे आणि सकाळी उठल्यावर स्वप्नात काय दिसलं ते विचारायचे. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहरातला एक डॉक्टर रोग्याला कोचावर निजवायचा, स्वतः त्याच्या उशाशी मागे खुर्ची टाकून बसायचा आणि मनात येईल ते बोल म्हणायचा. पुढे आणखी कुणी कागदावर शाईचे डाग पाडले आणि विचारलं, यात काय दिसतं? जे दिसतं ते डागात नसतं, बघणाऱ्याच्या मनात असतं.

हे वर्गात शिकवताना मला दर वेळी तुझी चूल आठवते. माणूस कशाने भ्यालं, धसकलं, खाईना-पिईना झालं की तू त्याच्यावरून तुरटी उतरवून निखाऱ्यावर टाकायचीस. ती फुलून पांढरी झाली की ताटलीत काढायचीस. बाकीच्या बाया अशा वेळी लगेच सांगतात, ही बघ अमकीची दृष्ट, हे बघ तिचं नाक. तू कधी सांगितलं नाहीस. ताटली पुढे करून त्यालाच विचारायचीस, काय दिसतंय? मी यावर दोन पानं लिहून काढली आहेत: आपल्याकडचा उपचार करणारा स्वतःचं मत लादत नाही, समोरच्याला बोलतं करतो. पण तुला न विचारता छापायला नको. तू का विचारतेस? कुणी शिकवलं? आरतीकडून लिहून घे. तू बोलतेस तसंच लिहू दे.

तुझी,
कल्याणी

*

शिनोली,
संक्रांत, १४ जानेवारी

चि. कल्याणीस ठकूबाईचा आशीर्वाद.

तिळगूळ घे, ग्वाड बोल. ग्वाड बोल ह्ये आरतीला मुद्दाम लिवायला सांगितलंय.

गोरख पुन्याला येत न्हाई. म्हनला, ताईच्या डाक्टरकडं गेलो तर म्होरल्या फेरीला आख्ख्या घोडेगावात व्हईल. म्या म्हनलं, म्होरली फेरी करनार हाईस का? तर चप्पल शोधाय लागला.

तू इचारलंस, मी का इचारते. आगं बाय, मला दिसत न्हाई. डोळ्यात मोतीबिंदू हाय. तुरटीत बाई हाय का रेडा हाय, मला काय कळतंय? म्हनून ज्याची दिष्ट त्यालाच इचारते. ह्यात लिवन्यासारखं काय हाय त्ये मला कळंना.

तुझा त्यो कोचावरचा डाक्टर मागं का बसतो? त्यालाबी दिसत नसंल.

आता गोरखचं ऐक. आमी दोन रयवार त्याची दिष्ट काढली. पैल्या रयवारी म्हनला, काय न्हाई, तुरटी हाय. म्या म्हनलं, बरं, च्या घे. दुसऱ्या रयवारी लई येळ बघत बसला. च्या गार झाला. मंग म्हनला, बाई हाय. म्या म्हनलं, कशी हाय? म्हनला, चष्मा हाय. शिकल्याली दिसतीया. कोन हाय म्हनून म्या इचारलं न्हाई. आमी नाव इचारत न्हाई, ज्याचं त्यानं घ्यायचं. त्यो उठून भाईर गेला आन जीपीच्या टपावरची धूळ पुसत बसला. म्हंजी जीव हाय त्याचा तिच्यावर.

थंडी हाय. सोताला जप.

(ताई, मी आरती. आत्याबाई बोलतात तसंच लिहिते, कारण शेवटी सगळं वाचून दाखवायला लावतात. चष्मेवाली ऐकून मला खोकला आला. तर म्हणाल्या, खोकला लिहू नको.)

*

पुणे,
१९ जानेवारी १९९९

ती. आत्या,
सा. नमस्कार.

मोतीबिंदूचं वाचलं आणि ती दोन्ही पानं फाडली. खरं सांगते, आधी वाईट वाटलं ते पानांचं. तुझ्या डोळ्यांचं नंतर वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण डायरीत लिहिलंय तर तुझ्यापासून कशाला लपवू? मी ज्याला इतकी वर्षं उपचाराची पद्धत समजत होते ते नुसतं दिसत नसणं निघालं. मार्गदर्शक सरांना काय सांगू हा माझा प्रश्न. तुझा प्रश्न साधा आहे. मंचरला डोळ्यांची शिबिरं होतात. हल्ली तासाभराचं काम असतं. आरतीला बरोबर घे आणि जाऊन ये. इतके दिवस कुणाला बोलली का नाहीस?

आता गोरख. चष्मेवाली, शिकलेली बाई, हे फार महत्त्वाचं आहे. मी दोन दिवस त्यावर विचार केला. चष्मा म्हणजे अधिकार. ज्या व्यक्तीपुढे लहानपणी त्याला असहाय वाटलं असेल, तिच्याकडे त्याचं मन आता परत गेलं आहे. माझ्या मते त्या आपल्याकडच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई असाव्यात, जाड भिंगांच्या. आठवतं ना, त्यांची सायकल दिसली तरी गोरख गोठ्यात लपायचा? त्याला शोधून आणून सुईसाठी घट्ट धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. किती ओरडायचा. तेव्हा तू हळूच त्याच्याकडे नर्सबाईंचा विषय काढ. दडपण ओळखता आलं की ते उतरायला लागतं.

सोबत शाईच्या डागांच्या तीन झेरॉक्स पाठवते. ह्या कुणालाही दाखवायच्या नसतात, शिकलेल्या माणसाशिवाय कुणी वापरायच्या नसतात, आणि मी तो नियम मोडते आहे. तशी नोंद केली आहे. तेव्हा एवढं पाळा: गोरखशिवाय कुणालाही दाखवायच्या नाहीत. एकेक कागद हातात द्यायचा, काय दिसतं विचारायचं आणि तो बोलेल ते शब्द आरतीने जसेच्या तसे लिहायचे. काम झालं की तिन्ही कागद मला परत.

जीप विकायची घाई करू नका.

तुझी,
कल्याणी

*

शिनोली,
२७ जानेवारी

चि. कल्याणीस आशीर्वाद.

कागुद दोनच परत येतील. एक म्या निखाऱ्यावर टाकला. फुलला न्हाई, नुसता जळला. तुमची शाई हलकी हाय.

गोरखला तिन्ही दावलं व्हतं. पैला बघून म्हनला, ताईची शाई सांडली. दुसरा बघून म्हनला, हितंबी सांडली. तिसरा हातात घेतला न्हाई. म्हनला, शाई सांडली तर पत्तर नव्यानं लिवायचं, पाठवून कशाला द्यायचं. आरतीनं जसंच्या तसं लिवलंय.

मंग शेजारची बयाबाई आली. तिची म्हस दूध चोरतीया आठ दिस झालं. तिनं कागुद बघितला. म्या दावला न्हाई, माज्या हातात व्हता, तिनं बघितला. म्हनली, ह्या दोन बाया पाठीला पाठ लावून बसल्यात, एक मी आन एक माजी घोडेगावची यीन, लेकीची सासू. लग्नातल्या साडीवरनं दोगींचं तीन वर्सं बोलनं न्हाई. बयाबाई लई येळ कागुद बघत बसली, मंग पदर खोचून उठली आन दुपारच्या येष्टीनं इनीकडं गेली. च्या पिऊन आली म्हनं. म्हशीनं दूध दिलं का म्हनशील, तर चरवी भरून आनून दावली. पान्याची का दुधाची, मला काय दिसतंय.

नर्सबाईचं म्या गोरखला इचारलं. त्यो हासला. म्हनला, ह्ये कुनी काढलं? लई दिसांनी हासला, म्हनून तुज्या त्या अभ्यासाचं मी वाईट बोलत न्हाई.

पर तिसऱ्या रयवारच्या तुरटीतबी तीच आली. चष्मेवाली. आता खांद्याला पर्स हाय. जीपीत म्होरं बसलीया. त्वांड उघडं हाय. म्या म्हनलं, काय बोलतीया? म्हनला, आत्या, तुरटी कुटं बोलतीया व्हय? आन ताटली पालथी घालून भाईर गेला.

आळेफाट्याचा गिऱ्हाईक सात तारखेला, रयवारी, येतोय. गोरखनं त्याला सबूद दिलाय.

*

(याच पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)

ताई,

ही चिठ्ठी आत्याबाईंना न सांगता घालते. पाकीट मीच चिकटवते म्हणून जमलं.

पहिली गोष्ट. आत्याबाईंना चांगलं दिसतं. दोन वर्षांपूर्वी मंचरच्या शिबिरात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, मीच बरोबर होते. तुम्हाला काळजी नको म्हणून तेव्हा कळवू दिलं नाही. काल त्यांनी चार किलो तांदूळ निवडला आणि मला सुई ओवून दिली. मी म्हटलं, मग ताईला मोतीबिंदू का लिहायला लावला? त्यावर जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते: "माजी येडगावची सासू खरीच आंधळी व्हती. तिनं मला ह्ये शिकवलं. तिला दिसत नव्हतं म्हनून ती इचारायची. मला इचारायचं आसतं म्हनून मला दिसत न्हाई." आणि हे ताईला सांगू नको म्हणाल्या. म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट. चष्मेवाली कोण हे या घरात मांजरालाही कळलंय. नर्सबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, त्या सायकलवर फिरायच्या, पर्स कधी घेत नव्हत्या. ताई, रागावू नका. भाऊबीजेला घोडेगावच्या स्टँडपर्यंत जीपमध्ये पुढे कोण बसलं होतं? त्या दिवशी हे घरी आले ते जेवले नाहीत. काय झालं ते मला सांगत नाहीत. तुम्ही सांगा. सात तारखेला जीप गेली की मग कुणी सांगून काही उपयोग नाही.

आरती

*

पुणे,
१ फेब्रुवारी १९९९

आत्या आणि आरती, दोघींना,

आरती, हे पत्र मोठ्याने वाचशील तेव्हा पुढचा परिच्छेद गाळ.

आरती, डोळ्यांचं कळलं. मी आत्याला काही विचारणार नाही. पण फाडलेली पानं मला आता पुन्हा लिहायला हवीत, आणि आधी होती त्याहून चांगली. तुझे आभार.

आता दोघींसाठी. तुमचं पत्र वाचल्यावर मी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग चार पानांचं उत्तर लिहिलं. त्यात मी कशी बरोबर होते ते सगळं होतं. ते फाडलं. या महिन्यात माझं लिहिण्यापेक्षा फाडणंच जास्त झालं.

मग डायरी काढली. बावीस वर्षं मी रोज डायरी लिहिते, आणि खरं तेच लिहिते असा माझा समज आहे. भाऊबीजेच्या पानावर असं आहे: 'गोरखच्या जीपने घोडेगावपर्यंत. वाटेत गोरखला वाहन चालवण्याविषयी समजावलं.' समजावलं. हा शब्द मी दहा वेळा वाचला. काय समजावलं होतं?

त्या दिवशी जीपमध्ये चौदा माणसं होती. मी मोठ्याने मोजली. गोरख मागे मान वळवून कुणाशी तरी चेष्टा करत चालवत होता, एक हात खिडकीबाहेर. मी म्हणाले, "गोरख, एक दिवस तुझ्या हातून माणसं मरणार आहेत." हळू नाही म्हणाले. मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. गोरखने हात आत घेतला आणि घोडेगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. माझी बॅग एसटीत ठेवून दिली आणि गेला. मला वाटलं, पटलं त्याला.

चौदा माणसं बसवणं चूक होतं. हे मी आजही म्हणेन. पण तेवढंच सांगायचं होतं तर घरी ओट्यावर बसून सांगता आलं असतं. मागच्या सीटवर आपल्या गावची माणसं होती. पुण्याला शिकवणारी कल्याणी भावाला कशी बोलते हे ती ऐकत होती, आणि ती ऐकत आहेत हे मला आवडलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. अडीच महिने पत्र का लिहिलं नाही, ते आता नीट सांगता येतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी जीप उतरली. माझ्या बोलण्याने उतरली असं मी म्हणणार नाही, तसं मानणं माझ्या शिक्षणात बसत नाही. पण माझ्या बोलण्याने उतरली नाही असंही मला छातीठोक सांगता येत नाही.

मी काय करू? त्याला माफीचं सविस्तर पत्र लिहू? की डॉक्टरांनाच घेऊन तिकडे येऊ? सात तारखेच्या आत काय ते सांगा. मला खरंच सुचत नाही. या विषयात माझी दोन सुवर्णपदकं आहेत.

कल्याणी

*

(पोस्टकार्ड)

शिनोली, ३ फेब्रुवारी

कल्याणीस आशीर्वाद. शनवारी सकाळच्या गाडीनं ये. एकटी ये, डाक्टर नगं. जितं बसून बोललीस तितंच बसायचं, शिनोली ते घोडेगाव. माफी मागायची न्हाई. पत्तर द्यायचं न्हाई. समजवायचं तर आजाबात न्हाई. गोरख बोल म्हनंस्तवर त्वांड उघडायचं न्हाई. दाताखाली सुपारी धर, म्हंजी ध्यानात ऱ्हाईल. गोरखला म्या एवढंच सांगितलंय की ताईला पोचवायला दुसरी गाडी न्हाई.

आरतीनं मधला परिच्छेद गाळून वाचला. वाचता वाचता तिची नजर चार वळी खाली गेली, त्ये मला दिसलं.

(आत्याबाई म्हणतात, 'दिसलं' खोड. मी खोडत नाही. — आरती)

*

पुणे,
८ फेब्रुवारी १९९९

ती. आत्या,
सा. नमस्कार.

जीप दारातून हलली तोवरचं तू पाहिलंस. पुढचं तुला कुणी नीट सांगितलं नसणार. गोरख सांगणार नाही आणि बयाबाई वाढवून सांगेल. म्हणून लिहिते.

दारातून निघताना त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि चावी फिरवायला किती वेळ लावला, ते तू मोजलं असशील. मी सुपारी दाताखाली धरून समोरच्या काचेकडे बघत होते. खोल श्वास घे, खांदे सैल सोड, पायाचे तळवे जाणव, अशी निदान सात वाक्यं माझ्या तोंडाशी आली. सातही गिळली. वर्गात मी पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलते, त्यापेक्षा हे फार अवघड होतं.

शिनोलीच्या फाट्यावर माणसं उभी होती. जीप चालू झालेली बघून कुणी काही बोललं नाही, जणू काल संध्याकाळीच या जीपने उतरले होते. एकेक जण चढून बसला. बयाबाई विहिणीकडे निघाली होती, हातात कोंबडी. एक पागोटेवाले बाबा पाय आत टाकत होते तेवढ्यात गोरख म्हणाला, "बाबा, मागल्या गाडीनं या." बाबा म्हणाले, मागं गाडी हाय कुठं? तरी बाबा उतरले. मला वाईट वाटलं, बरंही वाटलं.

त्या वळणाच्या अलीकडे जीप हळू झाली. मग थांबली. गोरखने इंजिन बंद केलं. त्याचे हात थरथरत होते. आरतीने लिहिलं होतं त्याहून जास्त. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्या दिशी हितं कोंबडी आडवी आली. ब्रेकवर पाय जायच्या आदी तुजं बोलनं कानात आलं. मंग पाय कुठं गेला त्ये मला ठावं न्हाई."

मी सुपारी दुसऱ्या दाढेखाली सरकवली. तो बोल म्हणाला नव्हता.

मग म्हणाला, "ताई, बोल आता."

मी सुपारी तोंडातून काढून रुमालात बांधली. माफी मागायची नाही, समजवायचं नाही, हे तू बजावलं होतंस. मग उरतं काय, हे मला खरंच कळेना. जे मनात होतं तेच तोंडातून आलं.

"नऊ."

"काय नऊ?"

"माणसं. मी मोजली."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्याबी मोजली," म्हणाला. "कोंबडी धरून धा."

मागून बयाबाई म्हणाली, "कोंबडीचं तिकीट मी देनार न्हाई, आदीच सांगते." आणि अख्खी जीप हसली. तेवढ्या हसण्यात त्याने चावी फिरवली. वळण कधी गेलं ते मी बघितलं नाही, कारण कोंबडी तेव्हा माझ्या पायात आली होती आणि मला कोंबड्यांची भीती वाटते. हे घरात फक्त तुला माहीत आहे. गोरखला आता कळलं.

घोडेगावला त्याने माझी बॅग एसटीत ठेवली. हात अजून थोडे थरथरत होते. ते एका फेरीत थांबतील असं मी म्हणणार नाही, आणि या वेळी काहीच म्हणाले नाही. खाली उभा राहून म्हणाला, "सरळ घरी जा. वाटंत डायवरला शिकवू नगं."

काल आरतीने एसटीडीवरून फोन केला. आळेफाट्याचा गिऱ्हाईक आला, जीपभोवती दोनदा फिरला, चहा प्यायला. गोरखने त्याला सांगितलं की शब्द दिला होता ही चूक झाली, गाडी शिवरात्रीला लागणार आहे. बायको-पोरांना भीमाशंकरला न्यायचं असेल तर पुढची सीट ठेवतो. तो रागावला आणि दोन सीटा सांगून गेला.

माझी पानं पुन्हा लिहून झाली. त्यात असं लिहिलं आहे की उपचार करणाऱ्याला दिसत नाही, आणि हे न दिसणं त्याला आधीच्या पिढीकडून मिळतं, मेहनतीने सांभाळावं लागतं. सर समासात 'आधार काय?' असं लिहितील. मी तुझ्या सासूबाईंचं नाव आणि येडगाव लिहीन. कोचामागे बसणाऱ्या डॉक्टराविषयी तू विचारलेला प्रश्नही घातला आहे. त्याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

एक राहिलं. शनिवारी निघायच्या आधी तू मला चुलीपाशी बसवून माझ्यावरूनही तुरटी उतरवलीस. ताटली पुढे केलीस, नजर मुद्दाम भिंतीकडे लावलीस आणि विचारलंस, काय दिसतंय? मी म्हटलं, काही नाही, तुरटी आहे. तू म्हणालीस, बरं, च्या घे.

मला दिसलं होतं, आत्या. काय ते लिहीत नाही. तू पाहिलंसच.

तुझी,
कल्याणी

(त्याच रात्री, डायरीत) उद्याचं काम: गेल्या वर्षीच्या डायरीत भाऊबीजेच्या पानावरचं 'समजावलं' खोडणे आणि त्या दिवशी बोलले ते वाक्य जसंच्या तसं लिहिणे.